रिफायनरीतला ॲस्बेस्टॉस: निदान झालंय, पुरावा कसा उभा करायचा?

प्रश्न (धागाकर्ता)
निवृत्त पाइपफिटर, वय ६८. १९८० ते २००३ रिफायनरीत, त्यातली पहिली दहा वर्षं कंत्राटदाराकडे. एचआरसीटीत (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) दोन्ही बाजूंना प्लुरल प्लाक (फुप्फुसाच्या आवरणावरचे जाड चट्टे) आणि फुप्फुसांच्या खालच्या भागात फायब्रोसिस (फुप्फुस व्रणासारखं घट्ट होणं). रिपोर्टवर 'ॲस्बेस्टोसिस (ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फायब्रोसिस) असू शकतो' एवढंच लिहिलंय. कंपनी म्हणते, इथे ॲस्बेस्टॉसचं (उष्णता रोखणारं तंतुमय खनिज) उत्पादन कधीच नव्हतं. कंत्राटदाराची फर्म बंद झाली आहे. दावा कुणावर करायचा आणि सुरुवात कुठून?

शटडाउन_प्लॅनर
'उत्पादन नव्हतं' हा मुद्दा टिकत नाही. रिफायनरीत ॲस्बेस्टॉस बनत नसे, पण प्रत्येक शटडाउनला (दुरुस्तीसाठी युनिट बंद ठेवतात तेव्हा) तो फोडला आणि खरवडला जायचा. जुन्या युनिटांत गरम लाइन, कॉलम, एक्स्चेंजर यांच्यावरचं लॅगिंग (उष्णता आत राखणारं आवरण) पाहा. '८५ टक्के मॅग्नेशिया' म्हणून जे यायचं, त्यातला उरलेला भाग बहुतांशी ॲस्बेस्टॉसच असे. शिवाय फ्लँजला (पाइप जोडणारी कडी) सीएएफ (दाबलेल्या ॲस्बेस्टॉस तंतूंच्या) शीटची गॅस्केट, व्हॉल्व्ह-पंपांच्या दांड्याभोवती गळती रोखणारं ग्लँड पॅकिंग, फर्नेसच्या दारांना दोरी, वेल्डिंगखाली अंथरलेलं कापड.

गॅस्केट फ्लँजमध्ये दाबलेलं असतं तोवर धूळ नसते. फ्लँज उघडला, चिकटलेला थर स्क्रेपरने काढला आणि वर वायर ब्रश किंवा ग्राइंडर फिरवला, की तंतू थेट तोंडासमोर उडतात. लॅगिंग पाणी न मारता कोरडंच तोडलं तर शेजारचा वेल्डर, मचाण बांधणारा, झाडू मारणारा सगळेच ते ओढतात.

म्हणून 'रिफायनरीत २३ वर्षं' असं एका ओळीत उरकू नका. वर्षवार तक्ता करा: कोणतं युनिट, कोणतं काम, कोणतं मटेरियल, हाताने की ग्राइंडरने, उघड्यावर की व्हेसलच्या (बंद टाकीच्या) आत, दिवसाला किती तास, तोंडावर काय होतं. रुमाल किंवा साधा कापडी मास्क हे तंतू अडवत नाही, तेही स्पष्ट लिहा. जोडीला गेट पास, वर्क परमिट, स्टोअरच्या इश्यू स्लिपा. सोबतच्या फिटरांचे सही केलेले जबाब आधी घ्या. तेही आता वयस्कर आहेत, हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

व्यवसायरोग_तज्ज्ञ
'असू शकतो' या शब्दांवर दावा उभा राहत नाही. डॉक्टरांकडून मत मागताना वरचा तक्ता सोबत द्या आणि चार गोष्टी लेखी घ्या: संपर्काचा इतिहास, पहिल्या संपर्कापासूनचा काळ, तपासणीत दिसलेले बदल आणि फायब्रोसिसची इतर कारणं कशी वगळली. ॲस्बेस्टोसिस दिसायला बहुधा २० वर्षं किंवा जास्त लागतात, मेसोथेलिओमाला (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) चाळीसही लागू शकतात. इथे काळ जुळतो.

एचआरसीटी पालथं झोपवून केलेला आहे का, ते बघा. उताणं झोपल्यावर फुप्फुसाच्या मागच्या भागात नुसत्या वजनाने सावली येते आणि कंपनीचे वकील नेमकं त्यावर बोट ठेवतात. स्पायरोमेट्रीसोबत (फुंकून करायची श्वासाची चाचणी) टीएलसी (फुप्फुसात मावणारी एकूण हवा) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो) हवंच. प्लाक म्हणजे तंतू आत गेल्याची खूण, पण त्यांच्यामुळे दम सहसा लागत नाही. नुकसानीचं मोजमाप मुख्यतः फायब्रोसिस आणि फुप्फुसाची घटलेली क्षमता यांवर ठरतं.

धूम्रपान असेल तर लपवू नका. सिगारेटने प्लाक होत नाहीत. पुढे कधी बायोप्सी झाली तर पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला ऊतीचा नमुना) जपून ठेवायला लेखी सांगा. घरी धुळीचे कपडे धुणाऱ्या व्यक्तीचीही तपासणी करा, तिच्याही फुप्फुसात तंतू जातात.

कामगार_वकील
देशागणिक कायदा वेगळा, पण वाटा साधारण तीन. व्यवसायजन्य रोगाची भरपाई: इथे सहसा मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण रक्कम ठरलेली असते. दुसरी, मालकाच्या किंवा जागेच्या ताबेदाराच्या निष्काळजीपणाचा दावा. कंत्राटी वर्षांसाठी रिफायनरीवर बहुधा हा लागतो. तिसरी, लॅगिंग किंवा गॅस्केट बनवणाऱ्यावर. अमेरिकेत १९७३ च्या बोरेल खटल्यात टेक्सासच्या रिफायनऱ्या आणि गोद्यांत राबलेल्या इन्सुलेशन कामगाराच्या बाजूने निकाल लागला: धोक्याची सूचना न देणारा उत्पादक जबाबदार. फर्म बंद झाली म्हणून दार बंद होत नाही, त्या काळातला तिचा विमा कुणाकडे होता ते शोधा. अमेरिकेत दिवाळखोर उत्पादकांचे भरपाई ट्रस्टही आहेत.

सर्वांत जास्त दावे बुडतात ते मुदतीत. अनेक ठिकाणी मुदत रोग कामामुळे झाल्याचं कळल्यापासून मोजतात, इंग्लंडमध्ये ती तीन वर्षं. तो 'असू शकतो'वाला रिपोर्टच सुरुवातीची तारीख धरला जाऊ शकतो, म्हणून पक्क्या निदानाची वाट बघत बसू नका. इंग्लंडमध्ये २००७ च्या निकालानुसार नुसत्या प्लाकवर भरपाई नाही. त्यामुळे फायब्रोसिस वेगळा मांडा. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातली जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत ठेवायला सांगितलं होतं. नोंदी मागताना अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

धागाकर्ता
कंपनीने एकरकमी रकमेसोबत 'सर्व वर्तमान व भावी दावे मिटले' अशा मजकुराचा कागद दिला आहे. सही करावी का?

कामगार_वकील
या मजकुरावर नको. उद्या मेसोथेलिओमा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तर तो वेगळा रोग आहे, त्याचा हक्क आज विकला जाईल. 'केवळ ॲस्बेस्टोसिस व प्लाक यांपुरतं, पुढील कॅन्सरचा दावा राखून' असा बदल लेखी मागा, आणि तोपर्यंत मुदत चुकू नये म्हणून दावा दाखल करून ठेवा.