मिल केलेली निकेल-ॲल्युमिनियम पावडर ६६० अंश सेल्सिअसच्या आधीच रिॲक्ट होते, का?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी, बेळगावात एमटेक करतोय. ५०-५० निकेल-ॲल्युमिनियम पावडर आर्गॉनमध्ये बॉल मिल केली (म्हणजे बंद जारमध्ये स्टीलच्या बॉलनी कुटली), बॉल आणि पावडर १०:१, वर पावडर फार चिकटू नये म्हणून थोडं स्टिअरिक ॲसिड. साधी मिसळलेली पावडर डीएससीत (तापवताना उष्णता किती सुटते-शोषली जाते ते मोजणारं मशीन) तापवली की ॲल्युमिनियम वितळतं त्या ६६० च्या आसपास मोठा पीक (आलेखात उष्णता सुटल्याचा उंचवटा) येतो, पण मिल केलेलीला तो चारशेच्याही आत आला आणि ॲल्युमिनियम वितळल्याची खूण कुठंच नाही. मशीन बिघडलंय काय ओ?

उद्यमबागवाला:
मशीनला काय झालेलं नाही. मिलमध्ये बॉल आपटून कण चपटे होतात, एकमेकांना चिकटतात, परत फुटतात, असं होत होत आत निकेल-ॲल्युमिनियमचे थर पडतात चिरोट्याच्या पापुद्र्यासारखे, आणि अणूंना लांब जावंच लागत नाही, त्यात सगळीकडे डिफेक्ट (अणूंच्या रचनेतले दोष) म्हणून डिफ्यूजन (अणूंचं एकमेकांत सरकणं) आणखी सोपं. मग ॲल्युमिनियम वितळायची वाट कोण बघणार, घन अवस्थेतच संपून जातं, म्हणून तुला वितळण्याचा पीक दिसत नाही. सत्तरच्या जवळ खाली जाणारा बारका पीक असेल तर तो स्टिअरिक ॲसिड वितळण्याचा, त्याला धरून बसू नकोस.

निपाणीचा_धातूवाला:
वरचं बरोबर आहे, पण मानायच्या आधी तपास की. तेच सॅम्पल थंड करून परत तापव, पीक गेला तर रिॲक्शन पहिल्याच वेळी पुरी झाली. दुसरं सॅम्पल पीक संपला की तिथंच थांबवून एक्सआरडी (आत कुठले फेज, म्हणजे पदार्थ, आहेत ते क्ष-किरणांनी बघणं) कर, मिलनंतरचंही कर, कारण जास्त मिल केलं की एनआयएएल (NiAl, दोघांचं संयुग) मिलमध्येच तयार होतं आणि मग पीक बारका होतो. आणि ५०-५० म्हणजे अणूंनी ना? वजनानं निकेल ६८.५, ॲल्युमिनियम ३१.५ टक्के पडतं. इथं बरीच पोरं वजनानं निम्मं-निम्मं घेतात आणि मग वेगळेच फेज येतात.

खानापूरकर:
अणूंनीच घेतलंय. दुसऱ्यांदा तापवून बघतो. गाईड आणखी मिल कर म्हणतात, करू?

उद्यमबागवाला:
एक्सआरडी आल्याशिवाय नको, स्टीलच्या बॉलचं लोखंड पावडरीत वाढत जातं. आणि जार गरम असताना उघडू नकोस रे बाबा! निकेल-ॲल्युमिनियम जुळताना मोलला ११८ किलोज्यूलच्या आसपास उष्णता सुटते, एकदा पेट घेतला की स्वतःच हजाराच्या वर जातं. जार पूर्ण थंड होऊ दे, ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी) उघड, आणि जवळ कोरडी वाळू ठेव, पाणी अजिबात मारायचं नाही.