जुना हल्क: पोराला व्हिलन सापडेना

कृष्णाकाठ_सांगली
आमचं पोरगं नववीत. हल्कचे नवे पिक्चर पाठ झाले, आता कुठनंतरी १९७७-८२ ची जुनी मालिका शोधून काढलीय. काल दोघं बसलो बघायला. हिरवा गडी येऊन जाऊन दोनदा आला, तोही एक शब्द न बोलता. बाकी वेळ चिडला की हल्क होणारा तो शास्त्रज्ञ पिशवी खांद्याला लावून हायवेवर लिफ्ट मागतोय. पोरगं विचारतंय, "पप्पा, व्हिलन कुठाय?" काय सांगू? आणि कॉमिकमधल्या ब्रूस बॅनरचा इथं डेव्हिड कसा झाला?

राजवाडा_चौपाटी
दादा, व्हिलन नाहीच. मधला कुठलातरी भाग लावला असणार तुम्ही. आधी पायलट, म्हणजे अगदी पहिला भाग, दाखवा त्याला.
अपघातात बायको गाडीत अडकली, याला गाडी उचलता आली नाही, ती गेली. अशाच वेळी बाकीच्यांच्या अंगात बळ आलं कुठनं, याच्या मागं तो लागतो आणि गॅमा किरण स्वतःवरच घेतो. यंत्राची ताकद वाढवून ठेवलीय हे त्याला ठाऊकच नसतं. मग रात्रीचा धो धो पाऊस, टायर पंक्चर. भिजत चाक बदलतोय, पाना सटकतो, हाताला लागतं. झालं! पहिला हल्क तुटून पडतो तो कुणा गुंडावर नाही, स्वतःच्या गाडीवर. तेवढं एक दृश्य पोराला नीट बघू दे.
हल्कच्या मागं लागलेला पत्रकार मॅगी म्हणजे 'ले मिझराब्ल'मधला इन्स्पेक्टर. मालिका काढणारा केनेथ जॉन्सन तेव्हा तीच कादंबरी वाचत होता. कॉमिकमधली एकाच अक्षराची जोडनावं त्याला नको होती, म्हणून डेव्हिड. थडग्यावर मात्र 'डेव्हिड ब्रूस बॅनर' असंच कोरलंय.

कराडचा_बाळू
कौतुक पुरे राव. नवं गाव, नवी नोकरी, शर्ट टराटरा, चालले साहेब पुढच्या गावाला. प्रत्येक भाग तसाच. मजुरीच्या पगारात एवढे शर्ट परवडतात कसे?

तंतुवाद्य_मिरज
शेवटी तो रस्त्यानं चालतो तेव्हाचा पियानो ऐका बाळूशेठ. जो हार्नेलची धून. सोबतीला ना तबला ना काही, एकटा पियानो. आमच्या दुकानात दिवसभर तारा जुळवायचं काम, त्यामुळं रिकामी जागा सोडणारा माणूस लगेच कळतो.

राजवाडा_चौपाटी
बाळू, साचा आहेच, नाही कुठं म्हणतोय. पण डेव्हिड झालेला बिल बिक्सबी रागावायच्या आधी जो घाबरतो ना, ते बघ. नव्यात कुठाय ते? आणि हल्क झालेल्या लू फेरिग्नोला लहानपणापासून ऐकू कमी, हल्कला पडद्यावर एक संवाद नाही, सगळं काम चेहऱ्यावर. गुरगुरणं टेड कॅसिडीचं, तो गेल्यावर चार्ल्स नेपियरचं.
दादा, पायलटनंतर दुसऱ्या सीझनचा पहिला भाग लावा, 'मॅरिड'. त्यातल्या मॅरिएट हार्टलीला त्यासाठी एमी पारितोषिक मिळालं. १९८८ चा थॉरवाला पिक्चर एवढ्यात दाखवू नका, पोरगं तिथंच अडकून बसेल.

कृष्णाकाठ_सांगली
उशीर झाला. थॉरचं नाव वाचलं त्यानं. आता तोच लावून बसलाय.