मदत हवी आहे: घरच्या स्विमिंग पूलचं पाणी न सोडता क्लोरीनवर जाता येईल का? (तासगाव)

मळ्यातली_सून

नमस्कार मंडळी, थोडं सविस्तर लिहिते म्हणजे परत परत विचारायला लागणार नाही. आम्ही तासगाव तालुक्यात सावळजच्या अलीकडं मळ्यात राहतो. घरामागं टाइल्सचा पूल आहे, आठ मीटर बाय चार मीटर, खोली सरासरी चार फूट, म्हणजे साधारण 38 हजार लिटर पाणी. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय आणि त्यांना त्याचा खरंच फरक पडलाय, काठी न घेता देवळापर्यंत जातात आता. शिवाय आमची आणि दिरांची पोरं त्यातच पोहायला शिकली. त्यामुळं पूल बंद ठेवायचा नाही हे घरात सगळ्यांचं ठरलंय.

बांधताना कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलं होतं की क्लोरीननं डोळे चुरचुरतात, केस खराब होतात, तर तुम्ही बिगर क्लोरीनचं लिक्विड वापरा. कॅनवर बायग्वानाइड लिहिलेलं आहे, खाली बारीक अक्षरात पीएचएमबी. त्याच्याबरोबर महिन्यातनं एकदा हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं. सुरुवातीला पाणी एकदम मऊ, वास नाही, सगळे खूश. पण आता पाणी कायम दुधाळ दिसतं, पायरीच्या कोपऱ्यात आणि शिडीच्या मागं गुलाबी बुळबुळीत थर येतो, घासला की परत येतोच, आणि फिल्टर इतका चिकटतोय की बॅकवॉश केला (उलटं पाणी मारून धुतला) तरी प्रेशर उतरत नाही. त्यात ते लिक्विड मिळायचं बंद झालंय, कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. म्हणून क्लोरीनवर जायचं ठरवलंय.

पण ज्याला विचारावं तो म्हणतो आधी सगळं पाणी सोडा, धुवा, नवीन भरा. आता हे दिवस कसले आहेत तुम्हाला माहितीये. द्राक्षाची खरड छाटणी झालीय, बागेला काड्या तयार व्हायच्या वेळेला पाणी कमी पडून चालत नाही, बोअर तासभर चालतो आणि हवा ओढायला लागतो, म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी येतंय त्याच्याकडं डोळे लावून बसलोय. शेजारची बाग टँकरवर जगवतायत लोक. अशात 38 हजार लिटर पाणी ओढ्याला सोडून द्यायला माझं मन घेत नाही आणि मामंजी तर ऐकूनच घेणार नाहीत. तर पाणी तेच ठेवून क्लोरीनवर जाता येतं का, आणि येत असेल तर नेमकं काय काय करायचं? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा. घरात टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर मिळू शकते ग्रामपंचायतीतनं, ती चालेल का तेही सांगा.

मणेराजुरीकर

ताई एवढं कशाला, बागेसाठी मोरचूद असतंयच की घरात, थोडं टाका, शेवाळ एका रात्रीत जातंय. आमच्या शेततळ्यात टाकतो आम्ही.

मिरजकर

मणेराजुरीकर भाऊ, शेततळ्यात ठीक आहे, माणसं अंघोळ करतात त्या पाण्यात नका सांगू. मोरचुदातला तांबं शेवाळ मारतो हे खरं, पण घाण झालेल्या पाण्यातल्या जंतूंवर एकट्या तांब्याचा भरवसा धरता येत नाही. आणि ताई क्लोरीनवर जाणार आहेत, तांबं असलेल्या पाण्यात क्लोरीन गेलं आणि पीएच वर असला की टाइल्सवर आणि सांध्यांत हिरवट काळे डाग धरतात, ते घासून निघत नाहीत, ॲसिडनंच काढायला लागतात. पोरांच्या केसांना हिरवी झाक येते ती पण तांब्यामुळंच, नाव मात्र क्लोरीनचं होतं.

केमिकलवाला_कुपवाड

पाणी न सोडता होतं. पण पद्धतशीर करा, अर्धवट केलं तर केमिकल पण जाईल आणि पाणी पण.

आधी काय होतंय ते समजून घ्या. पीएचएमबी आणि क्लोरीन एकमेकांना चालत नाहीत. क्लोरीन टाकलं की ते पीएचएमबीला मोडायला लागतं, पाणी गढूळ होतं, कधी हिरवट, कधी चहाच्या रंगाचं, आणि तपकिरी नारिंगी चिकट चोथा सुटतो. बघून घाबरायला होतं, पण तेच व्हायला पाहिजे, तो चोथा बाहेर काढणं हेच काम आहे.

दुसरं म्हणजे पेरॉक्साइड. ते क्लोरीनला सरळ संपवतं, दोन्हीचं मिळून मीठ, पाणी आणि ऑक्सिजन होतो. एक भाग पेरॉक्साइड दोन भागापेक्षा जरा जास्तच क्लोरीन खातो. म्हणजे पाण्यात 30 पीपीएम (लिटरमागं 30 मिलिग्रॅम) पेरॉक्साइड शिल्लक असेल तर फक्त त्यालाच साठाच्या वर पीपीएम क्लोरीन लागेल, तुमच्या पुलाच्या हिशोबानं 10 टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, द्रव क्लोरीन) जवळपास 24 लिटर. फुकट जाणार ते. म्हणून आजपासनं लिक्विड आणि पेरॉक्साइड दोन्ही बंद करा आणि थांबा. ऊन कडक आहे, पेरॉक्साइड आपोआप उतरेल, पीएचएमबी हळूहळू उतरतं. पट्टीवर पेरॉक्साइड शून्य दिसलं आणि पाणी आणखी गढूळ व्हायला लागलं की सुरुवात करा. ह्या काळात पूल वापरू नका.

सुरू करायच्या आधी पीएच 7.2 ते 7.4 च्या आसपास आणा, कारण क्लोरीन दहाच्या वर गेल्यावर पीएचची टेस्ट खोटं सांगते. मग पंप चोवीस तास चालू ठेवायचा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर हायपो टाकायचं. 38 हजार लिटरला 1 पीपीएमसाठी 10 टक्क्यांचं हायपो साधारण 380 मिली, म्हणजे 15 पीपीएमला पावणेसहा लिटर. दोनतीन तासांनी टेस्ट करा, उतरलं असेल तर परत 15 ला न्या. सुरुवातीला भराभर उतरेल. उतरतंय म्हणजे काम चालू आहे, नेटानं चालू ठेवा. मध्ये दोन दिवस गॅप घेतला की परत पहिल्यापासनं.

मळ्यातली_सून

खूप धन्यवाद दादा, एवढं कुणीच नीट सांगितलं नव्हतं. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. टीसीएल चालेल का? आणि बाजारात नव्वद टक्क्यांची गोळी मिळते ती टाकून सोपं होणार नाही का?

केमिकलवाला_कुपवाड

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, ताजी असली तर तीसतेहेतीस टक्के क्लोरीन, बाकी चुना. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, त्यात एवढा चुना गेला की पाणी पांढरं आणि टाइल्सवर खर. नळपाणी योजनेच्या टाकीला ती चालते, कारण तिथं अगदी थोडी टाकायची असते.

गोळी म्हणजे ट्रायक्लोर, त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड येतं. 10 पीपीएम क्लोरीन गोळीतनं गेलं की 6 पीपीएम सायन्युरिक वाढतं आणि ते पाणी बदलल्याशिवाय जात नाही. ह्या कामात क्लोरीन ढीगभर लागणार, गोळ्यांनी केलं तर शेवटी सायन्युरिक इतकं होईल की जे टाळायचं तेच करायला लागेल, पाणी सोडायला लागेल. म्हणून आत्ता फक्त हायपो.

आणि हे लक्षात ठेवाच, घरात पोरं आहेत: गोळी आणि ब्लिचिंग पावडर एका डब्यात, एका मगात कधीच नाही, पेट घेते. हायपो आणि ॲसिड पण एकत्र नाही, शेजारी शेजारी ठेवायचं पण नाही, विषारी वायू होतो. मग वेगळे, कॅन वेगळे, मधे पंप चालवून वेळ द्यायचा. हायपो सावलीत ठेवा आणि लागेल तसंच आणा, आपल्या उन्हात त्याची ताकद भराभर उतरते. दुकानदाराला भरल्याची तारीख विचारा.

वाईची_आत्या

माझ्या भावाकडं वाईजवळ ह्याच लिक्विडचा पूल होता, त्यांनी सगळं पाणी सोडून नवीन भरलं, कृष्णाकाठी पाण्याची ददात नव्हती. तरी क्लोरीन टिकेना. शेवटी कळलं की फिल्टरच्या वाळूत आणि पाइपात सगळा राप बसलेला, पाणी बदलून तो कुठं जातोय? वाळू बदलली तेव्हा थांबलं. म्हणून सूनबाई, पाणी सोडलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, सोडून पण हेच करावं लागलं असतं. शिडी, दिव्याची काच, कचरा अडवणाऱ्या स्किमरची टोपली सगळं काढून मागून घास. तिथंच राहतं ते गुलाबी.

मिरजकर

टेस्टबद्दल एक. गुलाबी रंगाची जी डीपीडी गोळी असते ती जास्त क्लोरीनला उडते, रंगच येत नाही आणि माणसाला वाटतं क्लोरीन शून्य, मग अजून ओतत बसतो. नमुना शुद्ध पाण्यात एकास चार पातळ करून बघा आणि आकडा पाचनं गुणा. नाहीतर गावच्या जलसुरक्षकाकडं ओटी टेस्टचं किट असतं, ते पिवळं होतं, जास्त असलं की नारिंगीकडं जातं. नेमका आकडा नाही मिळत पण आहे का नाही ते तरी कळतं.

मळ्यातली_सून

मंडळी, अपडेट देते. पेरॉक्साइडची पट्टी कोरी यायला लागल्यावर सुरू केलं. पहिल्या संध्याकाळी हायपो ओतलं आणि अर्ध्या तासात पाणी शेवाळी झालं, रात्रीपर्यंत चहाच्या रंगाचं, आणि सकाळी पायरीवर, कडेला, स्किमरच्या तोंडाशी ताक फुटल्यासारखा तपकिरी चोथा. बोटानं ओढला तर तारेसारखा लांबतोय, चिकट, साबणानंच निघतो. सासूबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या एवढी घाण आपण अंगाला लावत होतो होय गं. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी तिथंच थांबवलं असतं.

दीर आणि मी पाळीपाळीनं टेस्ट आणि ब्रश करत राहिलो. सुरुवातीला टाकलेलं क्लोरीन सकाळपर्यंत अजिबात राहत नव्हतं. फिल्टरचं प्रेशर चढलं की बॅकवॉश, ते पाणी शेडमागच्या खड्ड्यात सोडतोय. मग रंग जाऊन नुसतं दुधाळ राहिलं, आणि आता तळाच्या टाइल्सची रेघ दिसते. काल रात्री क्लोरीन 14 होतं, सकाळी ऊन यायच्या आधी 11. म्हणजे झालं का?

केमिकलवाला_कुपवाड

छान चाललंय, पण अजून नाही. रात्रभरात एकच्या वर उतरता कामा नये. उन्हात उतरतं त्याचा हिशोब धरू नका, सूर्य क्लोरीन खातोच, म्हणून रात्रीचाच आकडा बघायचा. एकच्या आत आलं की लगेच वाळू बदला, आधी बदलू नका नाहीतर नवी वाळू पण खराब होईल. फिल्टरचीच ग्रेडेड सिलिका वाळू घ्या, नदीची नको. वाळू बदलल्यावर एक रात्र परत 15 ला ठेवा, पाइपात उरलंसुरलं निघू दे. ते पण टिकलं की मग उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून स्टॅबिलायझर म्हणजे मोजकंच सायन्युरिक ॲसिड टाका, 30 पीपीएमला तुमच्या पुलाला साधारण 1.15 किलो. मोज्यात बांधून पाण्याच्या झोताखाली लोंबकळत ठेवा, विरघळायला वेळ लागतो. त्यानंतर क्लोरीन 3 च्या आसपास उतरलं की पोरांना सोडा पाण्यात.

मळ्यातली_सून

आणि डोळे चुरचुरण्याचं काय? सासूबाईंना तीच भीती आहे.

मिरजकर

चुरचुरतं ते क्लोरीन कमी पडल्यानं. घाम, लघवी ह्यांच्याशी क्लोरीन अर्धवट जोडलं गेलं की क्लोरामाइन होतं, वास पण त्याचाच आणि डोळ्याला लागतं पण तेच. पीएच बिघडला तरी होतं. पोरांना आत जायच्या आधी अंघोळ घालायची सवय लावा, निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. आजींना तेल लावून पाण्यात उतरू देऊ नका, तेल नंतर.

मळ्यातली_सून

तेलाचं बरं सांगितलंत, त्या रोज नारायण तेल चोळूनच जायच्या. आता रात्रीचं उतरणं एकच्या आत आलंय, काल वाळू बदलली. जुनी वाळू बाहेर काढली तर ढेकळं झालेली, फोडायला खुरपं लागलं. रात्री परत 15 ला नेलं होतं ते सकाळी तेवढंच आहे. पाणी इतकं स्वच्छ पहिल्या वर्षी पण नव्हतं. आज स्टॅबिलायझर टाकतेय. टेस्टचं सगळं दिरांनी वहीत लिहून ठेवलंय, कुणाला पाहिजे असेल तर फोटो टाकते. शेवटचं एकच, इथून पुढं बॅकवॉशचं पाणी बागेला दिलं तर चालेल का? मामंजी विचारतायत, पाणी वाया घालवायचं नाही म्हणून.

मणेराजुरीकर

द्राक्षाला नको ताई. क्लोरीन उडून जातंय पण क्लोराइड मागं राहतंय, आपल्या जमिनीत आधीच क्षार, पानाच्या कडा करपतात. दारात नारळ असतील तर त्यांना सोडा, नारळाला क्लोराइड मानवतंय. दोन दिवस पिंपात उन्हात ठेवून मग सोडा. आणि खड्ड्यात जे आधीचं चोथ्याचं पाणी आहे ते मात्र कुठंच नेऊ नका, तिथंच मुरू दे. ते बिगर क्लोरीनचं औषध माशांना फार वाईट, आमच्या शेततळ्यात रोहू कटला सोडलेत म्हणून चौकशी केली होती मी.

मळ्यातली_सून

दारात पाच नारळ आहेत. मामंजींना सांगते, पिंप आजच लावून घेतील.