धागा: घरात शिरलेली गावची बातमी

धागाकर्ती, पणजी

आमच्या घरात बोलणं कोकणीत आणि वाचणं मराठीत. गोव्यात अशी घरं गावोगाव आहेत, त्यामुळे हे इथे समजावून सांगायला नको. लहानपणी बाबा मला रविवारी सकाळी बाजाराजवळच्या हॉटेलात भाजी-पाव खायला न्यायचे. पातळभाजी, वर थोडी सुकी भाजी, दोघांना तीन पाव आणि एक मिरचीभजी अर्धी अर्धी. टेबलावर हॉटेलचा पेपर असायचा, पण तो अख्खा कधी हाती लागला नाही. पहिलं पान एकाकडे, खेळाचं दुसऱ्याकडे, निधनवार्ता तिसऱ्याच्या बशीखाली. बाबा समोरच्या अनोळखी माणसाला विचारायचे, "मधलं पान झालं का तुमचं?" पान यायचं आणि त्याच्यासोबत त्या माणसाचं मतही यायचं. फेरीबोट का बंद, बांगडा का महागला, आमदार कुठे गेला. शाळेत मी अक्षरं शिकले, पण पेपर वाचायला शिकले ते त्या टेबलावर.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मी अजून त्याच हॉटेलात जाते. भाजीची चव तीच आहे. पण आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, ज्याची त्याची बातमी वेगळी. शेजाऱ्याकडून मागून घ्यावं असं पानच उरलेलं नाही. म्हणून हा धागा. गोव्यातली एखादी बातमी, मग ती खाण्याची असो, मैदानावरची असो, निवडणुकीची असो की रस्त्यावरच्या खड्ड्याची, तुमच्या घरात कशी शिरली ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं हवं. खासगी माणसांची नावं टाळा.

पर्वरीहून

५ जुलै १९८६, शनिवार. मांडवीवरचा पूल कोसळला. मी एकोणीस वर्षांची, पणजीत कॉलेजला जात होते आणि तो पूल माझ्याहून लहान होता. आई दारात उभी राहून म्हणाली, "पूल मोडलो म्हणटात." माझा विश्वास बसेना. पूल मोडतो म्हणजे काय? पूल काय खाट आहे?

सोमवारी बेतीच्या धक्क्यावर गेले आणि तो अर्धा तुटलेला पूल पाहिला. नदी फुगलेली, पाणी लाल, वरून पाऊस. फेरीबोटीसाठी रांग इतकी मागे गेलेली की तिचं शेपूट दिसत नव्हतं. दुधाच्या बरण्या, शाळेची मुलं, एक गरोदर बाई, तिला पुढे घ्या म्हणून सगळेच ओरडत होते. फळी खाली पडली की लोक चिखलातून धावायचे. त्या पावसाळ्यात माझ्या चपला तीनदा तुटल्या. तासाला पोचायचं तर कधी घरून निघायचं याचा हिशेब मी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. आईने तो पुढची कितीतरी वर्षं पुसू दिला नाही.

इंजिनिअर असलेल्या मामाने नंतर समजावलं, की काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात. खाऱ्या हवेत त्या आतून गंजत गेल्या आणि बाहेरून कोणाला दिसलं नाही. हे वाक्य मी कधी विसरले नाही. नवा पूल १९९२ साली झाला, मग आणखी एक, आणि २०१९ मध्ये अटल सेतू. मी रोज जाते-येते. सांध्यावरून चाक गेलं की धडक्-धडक् आवाज होतो, तो मी अजून कान देऊन ऐकते. पुलाच्या तपासणीची बातमी कुठल्या कोपऱ्यात दोन ओळींत आली तरी मी ती कापून ठेवते. उद्घाटनाच्या फोटोपेक्षा मला त्या दोन ओळी मोठ्या वाटतात.

फोंड्याहून, वय ७०

१९६७ च्या जानेवारीत, गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का यावरच्या जनमत कौलाच्या वेळी, आमच्या घरात दोन पेपर यायचे. बाबा विलीनीकरणवादी, त्यांचा 'गोमन्तक'. धाकटा काका विरोधात, त्याचा 'राष्ट्रमत'. दोन्ही मराठीच. आज बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर कोडं वाटतं, की गोवा महाराष्ट्रात जाऊ नये म्हणून सर्वात जोराने लढला तो पेपरही मराठीतलाच होता. 'राष्ट्रमत'मधलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर काका मोठ्याने वाचायचा. बाबा तेव्हा मुद्दाम विहिरीवर जाऊन रहाट ओढत बसायचे.

चिन्हं दोन, फूल आणि दोन पानं. फुलाला मत म्हणजे विलीनीकरण, दोन पानांना म्हणजे गोवा वेगळा. आजीने फर्मान काढलं होतं की पंगतीत बसल्यावर फुलाचं नाव नाही आणि पानाचंही नाही. आम्ही मुलं त्यामुळे जेवताना केळीच्या पानाला 'पान' म्हणायलासुद्धा घाबरायचो.

१६ जानेवारीला मतदान झालं. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. काकाने जिंकण्याच्या आशेने फटाक्यांची माळ आणून माळ्यावर ठेवली होती. निकालाच्या दिवशी तो माळ्यावर चढलाच नाही. बाबा अंगणात पाठ करून बसले होते, तेवढं त्याने पाहिलं. ती माळ चवथीपर्यंत तशीच राहिली. गणपती आणायच्या दिवशी काकाने ती खाली काढली आणि अगरबत्ती बाबांच्या हातात दिली. फटाके पावसाळ्यात सर्द झाले होते, निम्मे वाजलेच नाहीत.

३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झाला, तेव्हा बाबा सकाळीच कदंबची बस पकडून काकाकडे सावर्ड्याला गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. संध्याकाळी परत आले ते हातात काकाच्या परसातला फणस घेऊन.

आज राजकारणावरून भावाभावांत अबोला धरलेला पाहतो तेव्हा जीव तुटतो. माझ्या बापाने त्याच्या आयुष्यातली सर्वात मोठी निवडणूक हरल्यावरही भावाची पंगत सोडली नव्हती.

कुडचड्याहून

वरचं वाचून डोळे भरले, काका. माझ्याकडे एवढं मोठं काही नाही. आमच्या वाड्यावर पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा, रबरी भोंगा वाजवत. माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजीला पेपर दिसत नाही. पोदेर उशिरा आला की ती म्हणायची, "गांवांत कितें तरी जालां." आणि खरंच काहीतरी झालेलं असायचं. बंद, मयत नाही तर मोडलेला रस्ता. पोळी, उंडो, कांकणं असे पाव मोजून देताना तो तिला सगळं सांगायचा. गेल्या वर्षी भट्टी बंद झाली, घरातलं पुढे कोणी रात्रभर पीठ मळायला तयार नव्हतं. आता पाव दुकानातून येतो आणि आजीला बातम्या मी सांगते. मला पोदेरासारखं सांगता येत नाही.

मडगावहून

बाबा एका कचेरीत कारकून होते आणि साळगावकर फुटबॉल क्लबचे निस्सीम चाहते. फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम १९८९ मध्ये उभं राहिलं त्याच वर्षी माझा जन्म. बाबांना दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगायची सवय होती. चार वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या खांद्यावर बसून सामने पाहिले. पायऱ्यांवर बसायला पेपर अंथरायचा, उन्हात डोक्यावर तोच घ्यायचा, शेंगदाण्याचं पुडकंही पेपराचंच. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात उभे असताना १९८४ ची संतोष ट्रॉफी गोव्याने एकही गोल न खाता जिंकली, हे त्यांनी मला रामरक्षेसारखं पाठ करून घेतलं होतं.

धेंपो राष्ट्रीय पातळीवर पाच वेळा विजेते, चर्चिल आणि साळगावकर दोन-दोन वेळा. एवढ्याशा गोव्याने इतकं जिंकलं. आणि २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. त्या दिवशी बाबांनी पेपर घडी घालून टीपॉयवर ठेवला आणि चष्मा काढला. जेवले नाहीत. एफसी गोवा तोवर आला होता, पण बाबा म्हणायचे, "तो संघ चांगला आहे, पण माझा व्हायला वेळ लागेल."

तो वेळ लागला नऊ वर्षं. २२ ऑक्टोबर २०२५, दिवाळीचा पाडवा, फातोर्ड्यात एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल नासर. रोनाल्डो येणार म्हणून अख्खा मडगाव वेडा झाला होता, आणि तो आलाच नाही. शेजारच्या मुलाने तिकीट असूनही जायचं रद्द केलं. त्याच्या तिकिटावर मी बाबांना नेलं. आता ते काठी घेऊन चालतात. दोन गोल आपण लवकर खाल्ले. मग ब्रायसन फर्नांडिसने एक फेडला आणि बाबा काठी विसरून उभे राहिले. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो थरथरत होता. आपण २-१ ने हरलो. बाहेर पडताना ते म्हणाले, "आपला पोरगा आपल्या मैदानावर. तो रोनाल्डो टीव्हीवर दिसतोच."

जुन्या क्लबांना मैदान आणि प्रेक्षक परत मिळायला हवेत असं मला मनापासून वाटतं. शनिवारच्या स्थानिक सामन्याला पन्नास माणसं असतात. मी मुलीला घेऊन जाते. तुम्हीही या.

वास्कोहून

मडगावकर ताई, मडगावच्या दिलीप सरदेसाईंचंही लिहायला हवं होतं. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा. माझ्या आजोबांनी ते रेडिओवर ऐकलं. शाळेत मी क्रिकेटची बॅट घेऊन गेलो की फुटबॉलवाली मुलं हसायची, तेव्हा माझ्याकडे उत्तर म्हणून तेवढं एकच नाव होतं. पुरायचं.

म्हापशाहून

जुलै २०१८. परराज्यातून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी आली. मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन. आमच्याकडे सोमवार आणि सणवार सोडले तर मासळीशिवाय जेवण होत नाही आणि मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. आदल्याच दिवशी मी त्याला काटे काढून इसवण (सुरमई) भरवलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, म्हणजे आपली मासळी कमी आणि बाहेरची जास्त. सरकारने पंधरा दिवस बाहेरची मासळी बंद केली. मार्केटात गेले तर ओटे धुऊन कोरडे पडलेले. मी जिच्याकडून वीस वर्षं मासे घेते ती एका कोपऱ्यात पाटीभर शेवटे (नदीतले मासे) घेऊन बसली होती. कोणी थांबत नव्हतं. मला पाहून तिने एक शेवटा उचलला, कल्ला उलटा करून दाखवला, लालभडक. अंगठ्याने पोट दाबलं, खळगा पडला नाही. "बाय, न्हंयचें तें. हांवूंय हेंच खातां." म्हणजे नदीतलं आहे, मीही हेच खाते. मग तिने डोळ्यांना पदर लावला. माझ्या मनात तोवर फक्त माझा मुलगा होता. तिच्या घरी चार माणसं त्या पाटीवर जेवतात हे मला तेव्हा सुचलं. मी अर्धी पाटी घेतली.

तरी घरी कोणी खाईना. मग महिनाभर सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी. तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजायची, डोकी-शेपट्या काढायच्या, ओलं खोबरं, कांदा, मिरची घालून किसमूर. ऑगस्टमध्ये ट्रॉलर परत गेले तेव्हा पहिला बांगडा मी कल्ला पाहून, दाबून, वास घेऊन आणला. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. मार्केटात तो स्वतः कल्ला उघडून बघतो.

साखळीहून

ताई, किसमूरला आंबट काय घालता? चिंच की सोलं (आमसुलं)?

म्हापशाहून

चिंच, आणि ती शेवटी, वाढायच्या पाच मिनिटं आधी. लवकर घातली तर सुंगटं मऊ पडतात.

पणजी, '१८ जून' नावाच्या रस्त्याजवळचा दुकानदार

माझं कापडाचं दुकान. शहर खोदलं जात होतं त्या दोन वर्षांत मी दिवसातून चार वेळा झाडू मारला आणि पांढरं कापड मांडणं बंद केलं. आई रस्ता ओलांडताना अर्धवट झाकलेल्या चरात पाय जाऊन पडली, मनगट मोडलं. ती आता नारळ खोवू शकत नाही. काम कोणाकडे होतं ते इथे लिहीत नाही, पण काम पूर्ण होण्याच्या तारखा पुढे जात राहिल्या आणि एकाही माणसाने दुकानात येऊन "चुकलं" म्हटलं नाही. मला नुकसानभरपाईपेक्षा तो एक शब्द हवा होता.

डिचोली तालुक्यातून

बाबांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभा राहिला, कर्जाचे हप्ते चालूच. बाबा दर रविवारी तो धुवायचे. न चालणारा ट्रक. टायरच्या खाचेत अडकलेल्या लाल मातीत गवत उगवलं, तेही उपटायचे. मधे काही काळ पुन्हा सुरू झालं, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. तेव्हा त्यांनी तो भंगारात दिला आणि फक्त आरसा काढून घेतला. त्या आरशात ते दाढी करतात.

पण आमच्याच वाड्यावर असे लोक आहेत ज्यांच्या विहिरी खाणीमुळे आटल्या, ज्यांच्या शेतात पावसात लाल चिखल उतरला. माझ्या आत्याचं शेत त्यातलंच. पेपरात एका दिवशी ट्रकवाल्यांचा मोर्चा छापून येतो, दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांचं निवेदन. दोन्ही बातम्या आमच्या एकाच घरातल्या आहेत, हे छापून येत नाही. मी बरीच वर्षं ग्रामसभेला गेलो नाही, कारण तिथे एक बाजू धरावी लागते असं वाटायचं. गेल्या खेपेला आत्याच मला घेऊन गेली. मी उभा राहिलो, ट्रकचंही बोललो आणि विहिरीचंही. पाय कापत होते. मागून कोणीतरी ओरडलं, "एक किदें तें सांग!" मी म्हटलं, दोन्ही सांगणार. सचिवांनी दोन्ही मुद्दे इतिवृत्तात लिहून घेतले.

उद्या रविवार, पुढची ग्रामसभा. सकाळी दहाला. इतिवृत्त वाचून दाखवतील तेव्हा ते दोन्ही मुद्दे त्यात आहेत की नाहीत ते ऐकायला मी पुढच्या बाकावर बसणार आहे. बाबाही येतो म्हणाले आहेत. परत आलो की इथे लिहितो.