ओला-सुका वेगळा करून उपयोग काय?

वारजेकर: पुण्यात आमच्याकडे घरटी दरमहा पैसे घेऊन कचरावेचक बाई येतात. आम्ही ओला-सुका वेगळा देतो. काल पाहिलं तर महापालिकेच्या गाडीत सगळं एकत्र! मग आम्ही का राबायचं? ठेकेदार नेमा, यंत्राने काय ते वेगळं होऊ द्या.

कर्वेनगरवाली: हे वाचून राहवलं नाही. गाडीत काय जातं ते आधी नीट बघा. विकण्यासारखा सुका माल बाई त्याआधीच काढून घेतात. पुठ्ठा, प्लास्टिकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या यांच्यावर त्यांचं घर चालतं. आमटी लागलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही, तिथे यंत्र काय करणार? १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था झाली. ठेकेदाराला वजनावर पैसे मिळाले, तर तो कचरा कमी कशाला करेल?

वारजेकर: मग वेफर्सची पाकिटं का मागे राहतात?

कर्वेनगरवाली: प्लास्टिकला धातूचा पातळ थर चिकटवलेला असतो, त्याला गिऱ्हाईक नाही. ते कंपन्यांना विचारा, बाईंना नाही.

निवृत्त_अभियंता: डायपरचं बोला. २०१६च्या घनकचरा नियमांतच गुंडाळून द्या असं स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या मजल्यावर उघडा डायपर सुक्याच्या डब्यात होता, बाईंनी हाताने बाजूला काढला. आणि त्याच बाईंना लिफ्ट बंद! पाचव्या मजल्यावरून भरलेले डबे जिन्याने उतरवतात.

वारजेकर: लिफ्टमध्ये पाणी गळतं. माझ्या आईला दमा आहे, त्या वासाने तिला धाप लागते. तुमच्या घरी असं असतं तर बोलला असता का?

कर्वेनगरवाली: गळतं ते कोणाच्या घरातलं? उरलेलं वरण पिशवीत ओतून, गाठ मारून दाराबाहेर ठेवायचं आणि दोष बाईंना? माझ्या सासूबाईंनाही दमा आहे. आम्ही खरकटं निथळून देतो, थेंब पडत नाही.

वारजेकर: आवाज चढवू नका. मी कोणाला कमी लेखलेलं नाही.

निवृत्त_अभियंता: जिन्याने पाठवणं म्हणजे कमी लेखणंच, साहेब.

फुरसुंगीकर: तुम्ही लिफ्टवर भांडा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या उशाला, उरुळी देवाची-फुरसुंगीला येऊन पडला. आम्ही गाड्या अडवल्या की शहरात ढीग लागतात, मग तुम्हाला आमची आठवण होते. दिवसाला १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्याने ओला शक्यतो आवारातच जिरवावा, हेही त्याच २०१६च्या नियमांत होतं. किती सोसायट्यांच्या खड्ड्यांत आज खरंच खत होतंय? माझ्या भावाच्या सोसायटीत त्या खड्ड्यावर दुचाक्या लावतात.

वारजेकर: आमचाही खड्डा बंद आहे, ते खरं. विकाऊ माल बाई वेगळा काढतात, हेही मान्य. ठेकेदाराचा हट्ट सोडतो. पण उरलेला ओला-सुका गाडीत एकत्र का, याचं उत्तर महापालिकेने द्यायलाच हवं. आणि लिफ्टचं मला पटलेलं नाही.

कर्वेनगरवाली: गाडीबद्दल तक्रार कराच, मीही सही करते. लिफ्टचा ठराव मात्र सभेत मांडा आणि बाईंनाही बोलवा.