मदत हवी आहे: पहिल्या रीफ टँकसाठी कोणतं मीठ घेऊ?

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळलेत, खाऱ्या पाण्याचा, कोरल (प्रवाळ) ठेवायचा रीफ टँक मात्र पहिलाच. ९० लिटरचा आहे. सायकल (माशांची घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढवणं) पूर्ण झाली, अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य. सध्या क्लाउनफिशची जोडी आहे आणि लवकरच झोआ, मशरूम अशी सॉफ्ट (मऊ) कोरल आणणार आहे. पाणी आरओडीआय फिल्टरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ०.

आतापर्यंत मिठाच्या छोट्या पाकिटावर भागवलं, आता मोठी बादली घ्यायची आहे. रेड सी कंपनीचं साधं मीठ घ्यावं की कोरल प्रो, इथे अडलेय. सॅलिनिटी (हजार भागांत मीठ) ३५ ला पहिल्याचा केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ च्या आसपास येतो, दुसऱ्याचा १२ च्या. समुद्रात केएच ७ च्या जवळ, कॅल्शियम लिटरला ४१० ते ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असतं असं वाचलं. मग १२ कशासाठी? एका ओळखीच्यांनी सांगितलं, "पुढे ॲक्रोपोरा (दगडी कोरल) ठेवणारच आहेस, तर आत्ताच प्रो घे."

दुसरी अडचण जास्त सतावतेय. रविवारी पाणी बनवताना बादलीत आधी मीठ टाकलं, वरून पाणी ओतलं आणि लगेच हीटर लावला. सकाळी पाहिलं तर पाणी ताकासारखं पांढुरकं. बादलीला आतून खरखरीत थर बसलेला, नखाने खरवडला तर चुन्यासारखी भुकटी निघाली. हीटरवरही तेच. पाकिटावर केएच ८ छापलाय, टेस्ट किट साडेपाच दाखवतंय. मीठ खराब आहे का? हे पाणी टँकमध्ये घातलं तर चालेल का? माशांच्या जिवाशी खेळ नको, म्हणून अजून एक थेंबही घातलेला नाही.

प्रतिसाद १

ताई, थांबलात ते उत्तम केलंत. ते पाणी टाकून द्या. मीठ खराब नसावं, क्रम उलटा झाला. मिठाच्या ढिगावर थोडं पाणी पडलं की तिथलं द्रावण फार तीव्र होतं, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. उष्णतेने ते आणखी लवकर होतं. नंतर कितीही ढवळा, ते परत विरघळत नाही, म्हणूनच तुमचा केएच पडला. बादली आणि हीटर व्हिनेगरने स्वच्छ निघतील.

पुढच्या वेळी आधी पूर्ण पाणी, त्यात वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) चालू, मग मूठमूठ मीठ. साधारण लिटरला ३८ ग्रॅम धरा, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा (खारटपणा मोजायचं साधन), आणि तोही ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवलेला. पाणी नितळ झालं की मगच हीटर.

आता कोणतं मीठ? साधंच घ्या. झोआ आणि मशरूम सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे केएच फारसा खात नाहीत. टँकचा केएच ८ असताना १२ च्या पाण्याने १० टक्के बदल केला तर तो ८.४ होईल, त्याने काही बिघडत नाही. पण एखाद्या दिवशी काही बिनसलं आणि निम्मं पाणी बदलावं लागलं, तर एका झटक्यात १०! कोरलना आकड्यापेक्षा असा झटका जास्त बाधतो. १२ चं मीठ कामाचं ठरतं ते दगडी कोरल भरपूर असलेल्या, रोज केएच खाणाऱ्या टँकमध्ये. तिथेसुद्धा नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी असेल तर चढ्या केएचने ॲक्रोपोराची टोकं जळतात.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. एक भर: प्रवासात बारीक दाणे तळाशी जातात, तेव्हा नवी बादली उघडण्याआधी आडवी करून दोन-चार वेळा लोळवा. झाकण घट्ट लावा. ओल लागून गठ्ठे झाले की त्या मिठाचा केएच भरवशाचा राहत नाही. आणि प्रत्येक नव्या बादलीचं पहिलं पाणी तपासल्याशिवाय टँकला दाखवू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! आत्ताच टँकचा केएच मोजला, ७.७ आला, म्हणजे साधं मीठच जुळतंय. ते पाणी ओतून दिलं, बादली व्हिनेगरमध्ये भिजतेय. एकच विचारते: उरलेलं पाकीट नीट क्रमाने मिसळून केएच ८ आला, तर ते वापरू ना?

प्रतिसाद १

गठ्ठे नसतील तर खुशाल वापरा. तासभर ढवळून पाणी नितळ झालं की मोजा आणि आकडा इथे टाका.