मदत हवी आहे: शेजारचं पोरगं म्हणतंय, 'पप्पांना संपवतो'

सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. शेजारचा १५ वर्षांचा मुलगा परवा आमच्या कट्ट्यावर शेंगाचटणी-भाकरी खाता खाता अगदी थंडपणे म्हणाला, "काकू, एक दिवस पप्पांना झोपेतच संपवतो." बाप यंत्रमागावर, पगार झाला की पितो, पट्ट्यानं मारतो. पोराच्या मनगटावर बकलाचा वळ अजून आहे. कॅथलीन हाइड या अमेरिकी संशोधिकेनं आईवडिलांचा जीव घेणाऱ्या मुलांचे तीन प्रकार सांगितलेत: वर्षानुवर्षं छळ सोसलेली, गंभीर मनोरुग्ण आणि निर्ढावलेली. हा पहिल्यातला वाटतो, म्हणूनच जास्त धास्ती. (त्याच्या आईला सांगितलं, तर "वयच तसलं आहे" म्हणाली!) १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला तर बापाला माझं नाव कळेल का? आणि तोवर पोराशी बोलू तरी काय?